‘सोडून गेला’ आणि ‘बदल करण्यात आला’

सरकारी टिपणीत एक वाक्यरचना फार सोयीची असते. ‘सेवा समाप्त करण्यात आली’, ‘बदली करण्यात येत आहे’, ‘मुदतवाढ देण्यात आलेली नाही’. वाक्य पूर्ण होते, खाली सही-शिक्का बसतो, आणि हे नेमके केले कोणी हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतच नाही. कर्ता अलगद गायब! उलट माणूस स्वतःहून गेला, तर कर्ता वाक्याच्या अगदी पुढे येऊन उभा राहतो. ‘तो सोडून गेला.’ ‘तो’ म्हटले की बोट दाखवायला माणूस मिळतो.

वर्तमानपत्रांचा क्रीडापानांवरचा व्यवहारही असाच चालतो. त्याचा सर्वांत लांब आणि सर्वांत रंजक इतिहास मला सापडला तो अमेरिकेतल्या कॉलेज प्रशिक्षकांच्या बाबतीत. आपल्याकडच्या वाचकाला या जगाची फारशी ओळख नसते, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले की आपला फातोर्ड्यावरचा फुटबॉल डोळ्यांसमोर आणू नये. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर चिलखत घालून एकमेकांवर आदळण्याचा तो खेळ. तो तिथे वाढला विद्यापीठांत. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. आपल्या पणजी शहराची अख्खी वस्ती आत बसवली तरी निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहील. संघातली मुले १८ ते २२ वर्षांची, विद्यार्थी. प्रशिक्षक मात्र पगारी. आणि ज्या विद्यापीठांना राज्य सरकार चालवते, तिथे हा प्रशिक्षक कागदोपत्री चक्क सरकारी नोकर! अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, न्यायाधीश नसतो, तर फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. आमच्यासारख्या वेतनश्रेणीत आयुष्य काढणाऱ्यांनी यावर फार विचार करू नये हे बरे.

असा हा प्रशिक्षक एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेला की वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी यांतून जे काही उसळते, त्याला तोड नाही. विश्वासघातकी, लोभी, खोटारडा, भाडोत्री. आणि त्याच विद्यापीठाने करार मोडून त्याला काढले की ‘नवी दिशा’, ‘कठोर पण आवश्यक निर्णय’. हा दुजाभाव आजचा नाही. शंभर वर्षांचा आहे, आणि म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे.

दोन जुनी उदाहरणे

ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हे या खेळाच्या आरंभकाळातले मोठे नाव. जिम थॉर्प या विख्यात खेळाडूला घडवणारे ते हेच. १९१५ पासून ते पिट्सबर्ग विद्यापीठात होते. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डने त्यांना बोलावले आणि त्यांनी होकार दिला. पण पिट्सबर्गशी असलेला करार अजून संपायचा होता. वॉर्नर यांनी काय करावे? त्यांनी आपले दोन सहायक, अँडी कर आणि ‘टायनी’ थॉर्नहिल, यांना पुढे स्टॅनफर्डला पाठवले आणि स्वतः पिट्सबर्गला थांबून मुदत पुरी केली. १९२४ मध्ये ते पश्चिम किनाऱ्यावर हजर झाले.

आजच्या मापाने पाहिले तर हा विलक्षण प्रकार आहे. जाणारा माणूस आधी जाहीर करतो की मी जाणार, आणि तरीही उरलेली मुदत त्याच खुर्चीत बसून काढतो. म्हणजे जाणे आणि प्रामाणिक राहणे या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे या धंद्याच्या अगदी सुरुवातीलाच सिद्ध झाले होते. पुढे ते सर्वांच्या सोयीने विसरले गेले.

दुसरे उदाहरण नूट रॉकनी यांचे. नॉत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे हे प्रशिक्षक १९१८ पासून तिथे होते. १९२४ साली न्यूयॉर्कच्या ग्रँटलँड राइस या क्रीडापत्रकाराने त्यांच्या चार खेळाडूंना ‘चार घोडेस्वार’ म्हटले आणि एका सामन्याचे वृत्त दंतकथा होऊन बसले. प्रशिक्षक हा मैदानाबाहेरचा नायक बनवला तो या पिढीतल्या पत्रकारांनी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२५ मध्ये, रॉकनी यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी करार केला. नॉत्र दामशी त्यांचा करार चालू असताना! बातमी फुटली, दोन्हीकडे पंचाईत झाली, कोलंबियाने त्यांना मोकळे केले आणि रॉकनी होते तिथेच राहिले.

३१ मार्च १९३१ रोजी विमान अपघातात रॉकनी गेले. १९४० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. आज रॉकनी हे नाव निष्ठेचे दुसरे नाव म्हणून घेतले जाते. कोलंबियाची ती सही चरित्रांच्या एखाद्या प्रकरणापुरती उरली आहे. कारण सरळ आहे. ते गेले नाहीत. जाण्याची तयारी करून न जाणारा माणूस निष्ठावंत ठरतो, आणि सांगून-सवरून जाणारा कृतघ्न. निष्ठेचे मोजमाप हेतूवर होत नाही, कृतीवरही होत नाही. शेवटी माणूस कोणाच्या अंगणात सापडला यावर होते.

आईची हाक

या इतिहासातली सर्वांत गोड कथा आहे ती पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांची. मेरीलँडमध्ये एक हंगाम, मग केंटकीत आठ, मग १९५४ पासून टेक्सास ए अँड एम विद्यापीठात. १९५७ च्या हंगामात त्यांचा संघ पहिले आठही सामने जिंकून देशात पहिल्या क्रमांकावर होता. राष्ट्रीय विजेतेपद हाकेच्या अंतरावर. नेमक्या त्याच वेळी ह्यूस्टनच्या वर्तमानपत्रात बातमी आली की ब्रायंट आपल्या जुन्या विद्यापीठात, अलाबामाला, परत चालले आहेत. पुढचा राइस विद्यापीठाविरुद्धचा सामना संघ ७-६ असा हरला. त्यानंतर टेक्सासविरुद्धचा ९-७. विजेतेपद गेले.

ब्रायंट यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मामा कॉल्ड’. आईने हाक मारली. मूल खेळात कितीही रमलेले असो, आईची हाक आली की घराकडे धावावेच लागते.

काय वाक्य आहे! पण जरा थांबून पाहू या. ब्रायंट यांच्या कराराची कित्येक वर्षे शिल्लक होती. हंगाम मध्यावर नव्हे, शिखरावर होता. त्यांनीच निवडून आणलेली मुले मैदानात होती. आज एखाद्याने असे केले तर त्याला चौकात उभा करतील. ब्रायंट यांच्या वाट्याला मात्र आईची हाक आली, आणि पत्रकारांनी ती तशीच्या तशी छापली. पुढे त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, १९८२ च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि २६ जानेवारी १९८३ रोजी वारले. तोवर ते संतपदाला पोचले होते. टेक्सासमधल्या त्या मुलांना काय वाटले असेल, हा प्रश्न अलाबामाच्या कथेत बसत नाही. प्रत्येक घरवापसी ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून केलेली एक्झिट असते. बातमी कोणत्या गावात छापली जाते यावर तिचे नाव ठरते.

मिशिगनचा माणूस

दुजाभावाचा सर्वांत बोलका नमुना मात्र १९८९ चा. खेळ बास्केटबॉलचा. मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल फ्रीडर यांनी मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या अगदी तोंडावर, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाची नोकरी स्वीकारली. स्पर्धा संपेपर्यंत संघाबरोबर राहण्याची त्यांची तयारी होती. विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते बो शेंबेक्लर, स्वतः फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक. त्यांनी फ्रीडर यांना तिथल्या तिथे बाजूला केले आणि जाहीर केले की मिशिगनच्या संघाला मिशिगनचाच माणूस प्रशिक्षण देईल, ॲरिझोना स्टेटचा नव्हे. सहायक स्टीव्ह फिशर यांच्या हाती संघ दिला. फिशर यांनी लागोपाठ सहा सामने जिंकले. ३ एप्रिल १९८९ रोजी सिॲटलमध्ये सीटन हॉलविरुद्ध जादा वेळेत ८०-७९ असा विजय मिळवून मिशिगन राष्ट्रविजेता झाला. अखेरचे तीन सेकंद उरले असताना रुमील रॉबिन्सन याने दोन फ्री थ्रो टाकले, ते आजही दाखवले जातात.

‘मिशिगन मॅन’ हा शब्दप्रयोग अमेरिकन क्रीडाभाषेत कायमचा रुजला. आता त्यातली गंमत पाहा. फ्रीडर हे मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावचे, आणि याच मिशिगन विद्यापीठाचे पदवीधर. म्हणजे हाडामांसाचा मिशिगनचा माणूस जर कोण असेल तर तो हाकलला गेला. ज्यांना ‘मिशिगनचा माणूस’ म्हणून बसवले ते फिशर इलिनॉयचे, शिक्षण इलिनॉय स्टेटमध्ये. आणि हा निवाडा करणारे शेंबेक्लर? ते ओहायोचे. ओहायो म्हणजे मिशिगनचा हाडवैरी! शिक्षण ओहायोत, उमेदवारी ओहायोत. १९६८ साली ओहायोमधल्याच मायामी विद्यापीठाची प्रशिक्षकाची नोकरी सोडून ते मिशिगनला आले. म्हणजे स्वतः कोणाला तरी ‘सोडून’च आले.

एवढ्यावर हे थांबत नाही. जानेवारी १९९० मध्ये शेंबेक्लर स्वतः मिशिगन सोडून डेट्रॉइट टायगर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचे अध्यक्ष झाले. त्यावर ‘मिशिगनचा माणूस’ हा निकष कोणी लावून पाहिला नाही. त्यांच्या एकवीस वर्षांच्या कामगिरीचे गोडवे गायले गेले, आणि ते रास्तच होते. पण एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते, की निष्ठेची व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला ती व्याख्या सहसा लागू होत नाही. सन १९९२ मध्ये टायगर्सनी शेंबेक्लर यांना काढून टाकले, तेव्हा त्यांनाही ‘करण्यात आले’ या क्रियापदाची ओळख झाली असणार.

खोटारडा आणि ऋषी

नव्या शतकात पैसा वाढला, वाहिन्या वाढल्या आणि शब्दही धारदार झाले. निक सेबन हे लुइझियाना स्टेट विद्यापीठ (एलएसयू) सोडून २००४ च्या हंगामानंतर मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे गेले. २००६ मध्ये अलाबामाला प्रशिक्षक हवा होता. सेबन यांना पत्रकार रोज तेच विचारत. डिसेंबरमध्ये त्यांनी वैतागून सांगून टाकले की मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही. दोन आठवड्यांत, जानेवारी २००७ मध्ये, ते अलाबामाचे प्रशिक्षक झाले. करार आठ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा.

पत्रकार संतापले, आणि इथे त्यांचा संताप मला समजतो. नाही म्हणून सांगितलेली गोष्ट केली तर तिला खोटेच म्हणतात. पण पुढची सतरा वर्षे पाहा. सेबन यांनी अलाबामात सहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, एलएसयूचे धरून सात. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्याच माध्यमांनी त्यांना खेळाचे ऋषी केले आणि वाहिनीवर विश्लेषकाची खुर्ची दिली. खोटे बोलणे हा जर नीतीचा प्रश्न होता, तर विजेतेपदांनी तो कसा सुटला?

डिसेंबर २००७ मध्ये बॉबी पेट्रिनो यांनी अटलांटा फाल्कन्स हा व्यावसायिक संघ तेरा सामन्यांनंतर, हंगाम संपायला तीन सामने उरले असताना, सोडला आणि आर्कान्सॉ विद्यापीठ गाठले. खेळाडूंचा निरोप घेतला तो चिठ्ठीने. प्रत्येकाच्या लॉकरमध्ये चार ओळींचा कागद. यावर जी टीका झाली ती योग्यच होती. जाणे हा गुन्हा नव्हता. ज्यांच्याकडून रोज अंगमेहनत करून घेतली त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून न सांगणे, हे भ्याडपणाचे होते. हा फरक महत्त्वाचा आहे. सगळी टीका खोटी असे मला म्हणायचे नाही. टीका कशावर आहे, जाण्यावर की जाण्याच्या रीतीवर, हे पाहायला हवे.

त्याच महिन्यात रिच रॉड्रिगेझ यांनी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ सोडून मिशिगन गाठले. हे गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियाचेच भूमिपुत्र, त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. म्हणजे आईने हाक मारलेली असताना मुलगा घर सोडून निघाला! राज्यभर आगडोंब. करारात ४० लाख डॉलर भरून सुटण्याची तरतूद होती, ती वसूल करायला विद्यापीठ कोर्टात गेले. जुलै २००८ मध्ये तडजोड झाली: मिशिगनने २५ लाख भरले, रॉड्रिगेझ यांनी १५ लाख. म्हणजे करारात जे लिहिले होते ते अखेर पूर्ण झाले. ज्याला देशद्रोह म्हटले जात होते, तो करारातल्या एका कलमाचा वापर होता. जानेवारी २०११ मध्ये मिशिगनने तीन हंगामांनंतर त्यांना काढले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्यांना पुन्हा प्रशिक्षक म्हणून बोलावले. तेव्हा ‘घरवापसी’ हा शब्द सर्वांना आठवला. गद्दारी सतरा वर्षांत मुरली की तिची घरवापसी होते असे दिसते.

दुसरी बाजू: काढणारे

आता तराजूचे दुसरे पारडे. २००१ च्या अखेरीस नॉत्र दामने टायरोन विलिंगहॅम यांना नेमले. या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय फुटबॉल प्रशिक्षक. करार पुरा व्हायला बराच अवकाश असताना, तीनच हंगामांनंतर, नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांना काढण्यात आले. विद्यापीठाची नजर होती युटाच्या अर्बन मायर यांच्यावर. ते मात्र फ्लोरिडाला गेले. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फादर एडवर्ड मलॉय यांना या निर्णयाची लाज वाटली आणि त्यांनी ती जाहीरपणे बोलून दाखवली. एका प्रशिक्षकाशी करार चालू असताना दुसऱ्याच्या दारात उभे राहणे, हे प्रशिक्षकाने केले तर बेइमानी. विद्यापीठाने केले तर त्याला ‘शोधसमिती’ म्हणतात.

या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर लेन किफिन यांचे चरित्र वाचावे. जानेवारी २०१० मध्ये एकाच हंगामानंतर त्यांनी टेनेसी विद्यापीठ सोडले आणि दक्षिण कॅलिफोर्निया (यूएससी) गाठले. टेनेसीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गाद्या जाळल्या. माध्यमांनी त्यांना चारित्र्यहीन ठरवले. पुढे २९ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे, हंगामाचे पाचच सामने झाले असताना, एक सामना हरून संघ लॉस एंजलिसच्या विमानतळावर उतरला आणि तिथेच यूएससीने किफिन यांना काढून टाकले. मुले बसमध्ये, प्रशिक्षक बेकार. यावर विद्यापीठाच्या चारित्र्याचे काय झाले? काही नाही. तो एक विनोद झाला, आणि कित्येक वर्षे पुरला.

तेच किफिन पुढे मिसिसिपी विद्यापीठात (ज्याला ‘ओल मिस’ म्हणतात) स्थिरावले. इकडे २६ ऑक्टोबर २०२५ रोजी एलएसयूने ब्रायन केली यांना काढले. केली यांना २०२१ मध्ये दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा करार देऊन आणले होते. चौथा हंगामही पुरा झाला नाही. उरलेल्या कराराची रक्कम पाच कोटी डॉलरहून अधिक. लुइझियानाच्या राज्यपालांनीच यावर जाहीर आगपाखड केली. मग एलएसयूने किफिन यांना गाठले. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, ओल मिसचा संघ अकरा सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना, ते निघाले. बाद फेरीपर्यंत संघाला प्रशिक्षण देऊ द्या अशी त्यांची मागणी होती. ओल मिसने ती नाकारली. १९८९ चे मिशिगनच पुन्हा! विमानतळावर लोक हुर्यो उडवायला जमले होते. त्या आठवड्यातल्या मथळ्यांत किफिन यांचे नाव कर्त्याच्या जागी होते. ज्या विद्यापीठाने महिनाभर आधी एक करार मोडला आणि दुसऱ्याच्या ऐन हंगामात हात घातला, त्या एलएसयूचे नाव कुठे तरी शेवटच्या ओळीत.

असे का होते?

मला तीन कारणे दिसतात. पहिले, क्रीडापत्रकाराचे पोट. स्थानिक पत्रकाराला विद्यापीठ रोज लागते. मैदानात प्रवेश, मुलाखती, आतल्या बातम्या सगळे तिथूनच. गेलेला प्रशिक्षक मात्र गेलेलाच असतो. त्याला चार शब्द सुनावले तर कोणाची दारे बंद होत नाहीत. दुसरे, संस्थेला चेहरा नसतो. विश्वस्त मंडळ, देणगीदार, क्रीडा संचालक अशा बारा जणांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचा खलनायक कसा रंगवणार? तिसरे, ज्या वाहिन्या नीतीवर प्रवचन देतात त्यांनीच या स्पर्धांचे हक्क विकत घेतलेले असतात. २०२४ पासून एलएसयू, ओल मिस, अलाबामा ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आहेत तिचे प्रक्षेपण ईएसपीएन आणि तिची भगिनी वाहिनी यांच्याकडे आहे. त्याच पैशातून हे पगार निघतात. घराला आग लावणारा आणि पाण्याची बादली विकणारा एकच असला की असे व्हायचेच.

आणि या गदारोळात जो खरा दुखावला जातो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो खेळाडू. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी प्रशिक्षक जातो, त्याच्या आईला शब्द देतो की तुमचा मुलगा माझा मुलगा. मुलगा सही करतो. त्या कागदावर अनेक वर्षे स्पष्ट छापलेले असे की ही सही विद्यापीठासाठी आहे, प्रशिक्षकासाठी नाही. प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी गेला तरी मुलाने तिथेच राहायचे. तो दुसरीकडे गेला तर फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये त्याला वर्षभर खेळता येत नसे. २०१८ पर्यंत तर जुने विद्यापीठ त्याच्या नव्या शिष्यवृत्तीत आडवे येऊ शकत असे. आमच्या कार्यालयीन भाषेत सांगायचे तर ‘ना हरकत दाखला’ अडवून ठेवायचा! प्रशिक्षकाला मात्र असा दाखला कधीच लागला नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये खेळाडूंसाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा विनाअट बदल करण्याची मुभा मिळाली, १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची. एप्रिल २०२४ पासून तर कितीही वेळा बदल करता येतो. आणि आश्चर्य म्हणजे, ज्या स्तंभलेखकांनी पन्नास वर्षे प्रशिक्षकांच्या उड्यांना ‘कारकिर्दीची प्रगती’ म्हटले होते, त्यांतल्या कित्येकांना आता मुलांमध्ये निष्ठा उरली नाही याची काळजी वाटू लागली. विद्यापीठ काढते तो व्यवहार. प्रशिक्षक जातो ती गद्दारी, पण जिंकला तर क्षम्य. विद्यार्थी जातो तो संस्कारांचा ऱ्हास. जो जितका दुबळा, त्याच्याकडून तितकी जास्त निष्ठा मागितली जाते.

आपल्या फातोर्ड्यावर

हे सगळे सातासमुद्रापारचे आहे असे कोणी म्हणेल. पण आपण गोमंतकीयांनी ही दोन्ही नाटके आपल्याच मैदानावर, दोन वर्षांच्या अंतराने पाहिली आहेत. जानेवारी २०२० अखेर एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी, साखळीचे तीनच सामने बाकी. आपल्या क्लिफर्ड मिरांडांनी धुरा सांभाळली, लीग शिल्ड फातोर्ड्याला आले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचे नाव झाले. लोबेरा पुढे मुंबईला गेले आणि २०२०-२१ मध्ये शिल्ड आणि विजेतेपद दोन्ही जिंकून मोकळे झाले.

मग डिसेंबर २०२१. दोनच महिन्यांपूर्वी गोव्याला ड्युरँड चषक जिंकून देणारे हुआन फेरांडो भर हंगामात कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेले. करारात मुक्ततेची रक्कम लिहिलेली होती, ती भरली गेली. क्लबने उघडपणे नाराजी व्यक्त केली. चाहत्याला वाईट वाटणे साहजिकच होते, मलाही वाटले. पण आधीच्या खेपेला भर हंगामात प्रशिक्षकाला हात हलवत पाठवणारा क्लब तोच होता. १८ मार्च २०२३ रोजी फेरांडो आयएसएलचा चषक जिंकले, तेही आपल्याच फातोर्ड्यावर. आणि जानेवारी २०२४ मध्ये मोहन बागाननेही त्यांना नारळ दिला. निष्ठा दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ होती. आरडाओरडा फक्त एकाच बाजूने झाला.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक सोडून गेला’ असा मथळा वाचनात आला की तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. करारात काय लिहिले होते आणि त्याप्रमाणे पैसे चुकते झाले का? ज्यांच्याशी रोजचा संबंध होता त्यांना त्याने समोर बसून सांगितले का? आणि मालकाने हेच केले असते तर आपण कोणता शब्द वापरला असता? पहिल्या दोहोंची उत्तरे बातमीत मिळतील. तिसरे आपले आपल्यालाच द्यावे लागते. पॉप वॉर्नर यांनी या तिन्हींची उत्तरे १९२२ मध्येच देऊन ठेवली होती. सांगितले, मुदत भरली आणि मग गेले. क्लब, विद्यापीठे आणि सरकारे यांच्यापैकी कोणी कंत्राटावरच्या माणसाला त्याच सभ्यतेने वागवल्याचे उदाहरण मी अजून शोधतो आहे.